पाच रुपयांचं अंडं: शालेय पोषण आहारातलं एक प्रकरण

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने जीआर काढला की पोषण आहारात आठवड्यातून एकदा, बुधवारी नाहीतर शुक्रवारी, प्रत्येक पोराला एक अंडं द्यायचं आणि जो खात नाही त्याला केळं किंवा त्या भागात मिळेल ते फळ. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा जीआर आला आणि अंड्याचे सरकारी पैसे बंद. मधे जेमतेम सव्वा वर्ष गेलं. तेव्हा यावर जे काय बोलणं झालं ते जवळपास सगळं शाकाहार-मांसाहार या एकाच रस्त्याने गेलं, टीव्हीवर दोन्ही बाजूचे लोक बसवले, भांडले, उठून गेले. माझं म्हणणं असं आहे की अंडं धर्मामुळे जेवढं अडलं त्याहून जास्त ते हिशोबामुळे अडलं, म्हणजे शेवटचा रुपया कोणी घालायचा हे कागदावर कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं आणि मग तो ज्याच्या हातात पातेलं त्याच्यावर येऊन पडला. हे नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल, बोअर होणार नाही एवढंच.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने ही योजना आणली तेव्हा जेवण वगैरे काही नव्हतं, आपल्याकडे पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे, तेही ८० टक्के हजेरी असेल तर. ज्यांची शाळा तेव्हाची आहे त्यांना ती पिशवी घेऊन लाइनीत उभं राहणं आठवत असेल. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या पोटात जायचा, पोराच्या वाट्याला किती आला कोणाला माहीत. तामिळनाडूत मात्र शिजवलेलं जेवण मुख्यमंत्री कामराज यांच्या काळात, १९५६ पासूनच सुरू झालेलं, आणि १९८२ ला नंतरचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी ते खूप मोठं केलं. बाकी देशाला तिथपर्यंत आणायला कोर्ट लागलं. २००१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने सुप्रीम कोर्टात याचिका केली, गोदामं धान्याने भरलेली आणि लोक उपाशी असं का, आणि २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने सांगितलं की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, कमीत कमी ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रोटीन, वर्षातले किमान २०० दिवस. मग २० एप्रिल २००४ चा आदेश आला, त्यातली एक गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे जेवण शिजवायचा खर्च कोणत्याही परिस्थितीत मुलांकडून किंवा त्यांच्या आईबापांकडून वसूल करायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ताटाचं गणित बघू, सगळा खेळ इथेच आहे. सध्याचा नियम म्हणजे पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. तांदूळ केंद्राकडून येतो, त्याचे पैसे वेगळे. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस-सरपण या सगळ्याला मिळून जो दर आहे तो ऑक्टोबर २०२२ पासून प्राथमिकला ५ रुपये ४५ पैसे होता आणि वरच्या वर्गांना ८ रुपये १७ पैसे, त्यातले ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे.

परत वाचा. पूर्ण जेवण ५ रुपये ४५ पैसे, आणि नोव्हेंबर २०२३ च्या जीआरमध्ये एका अंड्याला धरलेले ५ रुपये. म्हणजे राज्याने एका झटक्यात, आठवड्यातला एक दिवस का होईना, ताटाचा खर्च जवळजवळ दुप्पट करायचं ठरवलं. हे मोठं पाऊल होतं आणि मला वाटतं याचं श्रेय द्यायला पाहिजे, कारण इतकी वर्षं सुधारणा म्हणजे खिचडीत आज वाटाणा उद्या मटकी एवढंच चाललेलं.

अंडंच का, हा प्रश्न बरेच लोक विचारतात आणि तो वाईट प्रश्न नाही. कागदावरचे १२ ग्रॅम प्रोटीन बघा कुठून येतात: १०० ग्रॅम तांदळातून साधारण सात-आठ ग्रॅम आणि २० ग्रॅम डाळीतून साडेचार-पाच, झाले बारा. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रोटीन भाताचं आहे, आणि हे सगळं तेव्हा जेव्हा डाळ खरंच २० ग्रॅम पडते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन आणि ७० च्या आसपास कॅलरी, पण खरी गोष्ट ती नाही, अंड्यात व्हिटॅमिन बी-१२ आहे आणि थेट वापरता येणारं व्हिटॅमिन ए आहे. वरण-भातात बी-१२ शून्य, कितीही खाल्लं तरी शून्य. ज्या घरात दूध चहापुरतं येतं आणि मटण सणाला, त्या घरातल्या पोराला ते दुसरीकडून मिळत नाही. केंद्राच्या पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या एनएफएचएस-५ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली होती आणि श्रीमंत राज्य म्हणून मिरवणाऱ्यांना हा आकडा लागायला पाहिजे. तीच मुलं दोन-चार वर्षांनी पहिलीत येतात. शाळेतलं अंडं ती उंची परत आणत नाही, ते वय गेलेलं असतं, पण पुढच्या वाढीला आणि रक्ताला आधार मिळतो. आणि मुलींच्या बाबतीत तर गोष्ट अजून पुढे जाते, २०२१ ला नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला होता त्यात दिसलं की ज्या बायांना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं त्यांच्या पुढे झालेल्या मुलांची उंची बाकीच्यांपेक्षा बरी होती. म्हणजे आज पोरगीच्या ताटात काय पडतं त्याचा हिशोब वीस वर्षांनी लागतो.

बरं, आणि "अंडं नाहीतर केळं" हे जे जीआरमध्ये एका दमात लिहिलंय ना, त्यात गडबड आहे. केळ्यात प्रोटीन एखादा ग्रॅम, बी-१२ नाही. केळं चांगलंच आहे, पोरं आवडीने खातात, पण त्याला अंड्याचा पर्याय म्हणणं म्हणजे चष्म्याच्या बदल्यात टोपी देण्यासारखं आहे. शाकाहारी पोराला बरोबरीचं द्यायचं असेल तर दूध नाहीतर शेंगदाणा-गुळाची चिक्की हा खरा पर्याय. २५ ग्रॅम शेंगदाण्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि किमतीतही ते अंड्याच्या पुढे जात नाही, फक्त बी-१२ दुधातूनच येईल. केळं निवडलं गेलं कारण ते गावात मिळतं, शिजवावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे कोणी त्याच्याविरुद्ध मोर्चा काढत नाही.

आता हा जीआर शाळेत उतरतो तेव्हा काय होतं ते बघू. समजा ६० पोरांची पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा आहे. नियमाने स्वयंपाकी-मदतनीस किती, तर २५ पोरांपर्यंत एक आणि १०० पर्यंत दोन, म्हणजे इथे दोन ताई. ग्रामीण भागात तांदूळ आणि डाळी-तेल-मसाला असा धान्यादी माल पुरवठादाराकडून येतो, इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे शाळेच्या खात्यावर, ते कधी येतील ते येतील. अंडी मात्र शाळेनेच आणायची. ६० पोरं म्हणजे दोन ट्रे, फुटकी-तुटकी धरून दोन-चार जास्त. पाचच्या भावाने ३०० रुपये मंजूर. पण हिवाळ्यात अंडं महागतं हे कोणालाही माहीत आहे आणि ही योजना नेमकी हिवाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. गावातल्या दुकानात साडेसहाने घेतलं तर ३९० होतात. दर आठवड्याला ९० रुपये कमी, आणि जीआर २३ आठवड्यांचा होता, म्हणजे २,०७० रुपये. फार नाहीत, मान्य. पण ते कुठून आणायचे हे लिहिलेलं नाही, म्हणून ते मुख्याध्यापकांच्या खिशातून जातात, आणि जे ३०० मंजूर आहेत तेही आधी स्वतःचे घालायचे आणि मग बिलं लावून वाट बघायची. मोठ्या ४०० पोरांच्या शाळेत हाच आकडा आठवड्याला २,६०० रुपये उचलून द्यायचा होतो, आणि महिन्याचा दहा हजारांवर. शिक्षक मंडळी यावरच वैतागलेली असायची, धर्मावर नाही.

त्यात उकडायचं इंधन आलं. खिचडी एका पातेल्यात होते, अंड्यांना दुसरं पातेलं, दुसरी शेगडी नाहीतर पहिलं उतरल्यावर परत पेटवणं. मग ६० अंडी सोलायची कोणी? दोनच ताई, एक भाजी बघते, एक वाढायला. ज्यांनी कधी घाईत गरम अंडी सोललीत त्यांना माहीत आहे की अर्धी कवचाबरोबर जातात. आणि या ताईंना मिळतं काय, तर केंद्राचा नियम २००९ पासून महिना एक हजार, तोही वर्षातले दहाच महिने, आपल्या राज्याने स्वतःची भर घालून ते अडीच हजार केलंय. तांदूळ निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी, ओटा, पाणी भरणं सगळं त्यात. अंड्याचं जास्तीचं काम आलं, मानधन होतं तेवढंच. जीआर लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर अंडं होतं, ते सोलणारा हात नव्हता.

आणखी एक भीती असते जी कोणी बोलून दाखवत नाही. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ ला शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली, तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. त्या घटनेनंतर शिक्षकाने आधी चव घेणं, रजिस्टरला सही, हे सगळं कडक झालं आणि ते व्हायलाच पाहिजे होतं. पण त्यामुळे मुख्याध्यापकाच्या डोक्यात कायमचं बसलंय की काही झालं तर सस्पेंड मीच होणार. अंडं नासतं, शाळेत फ्रिज नाही, एका पोराने उलटी केली तरी दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मग ज्याला टाळायचंय तो केळी आणून मोकळा होतो, फोटो काढतो, एंट्री करतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा.

आता वाद. जीआर आला तसा विरोध सुरू झाला, काही धार्मिक संघटना आणि वारकरी संप्रदायातली काही मंडळी म्हणाली शाळेत अंडं नको, शाकाहारी पोरांच्या शेजारी बसून दुसऱ्याने अंडं खाल्लं तर कसं. दुसऱ्या बाजूने आहार हक्कावर काम करणारे म्हणाले की राज्यातली बहुसंख्य घरं मांसाहार करणारीच आहेत आणि ज्यांना परवडतं तेच नको म्हणतायत. मी दुसऱ्या बाजूचा आहे हे सरळ सांगतो, कारण कोणावर जबरदस्ती नव्हतीच, फळाचा पर्याय पहिल्या दिवसापासून होता. पण सरकारने यावर जानेवारी २०२४ मध्ये जे केलं ते मला जास्त विचित्र वाटतं. शाळांना सांगितलं की पालकांची संमती घ्या, आणि पोरांच्या ओळखपत्रावर खूण करा, अंडं खाणाऱ्याला लाल ठिपका, न खाणाऱ्याला हिरवा. खाऊच्या पाकिटावर असतो तो ठिपका आता पोराच्या गळ्यात. एका पंगतीत बसून जेवणं हा या योजनेचा अर्धा फायदा आहे, कोर्टाने २००४ ला स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या म्हणून सांगितलं ते काही उगीच नाही. ज्याला नको तो हात वर करून "मला केळं" म्हणतो, चौथीतल्या पोराला एवढं जमतं, त्याला कार्ड कशाला.

शहरातला प्रश्न अजून वेगळा, तिथे सेंट्रल किचनमधून डबे येतात. यातल्या काही मोठ्या संस्था सात्त्विक स्वयंपाक करतात, कांदा-लसूण पण नाही, अक्षय पात्र या अशाच संस्थेचा कर्नाटकातला वाद यावरूनच झालेला. जिथे स्वयंपाक करणारा स्वतःच अंड्याला हात लावत नाही तिथे अंडं कोण उकडणार, कुठे उकडणार? म्हणजे आधी किचन कोणाला द्यायचं ते ठरलं, मेनू नंतर ठरला, आणि मग मेनू किचनला जुळेना.

जून २०२४ मध्ये अजून एक जीआर आला, तो तीन पदार्थांच्या जेवणाचा, पंधरा पाककृती, भाताचा एक प्रकार, मोड आलेली कडधान्यं आणि गोड म्हणून खीर नाहीतर नाचणी सत्त्व. वाचायला इतकं छान की वाटावं आपणच शाळेत जाऊन बसावं. फक्त खिरीला साखर लागते आणि ती साखर लोकसहभागातून. इथेच खरं तर पुढचं सगळं दिसायला लागलं होतं, पदार्थ सरकारचा आणि सामान गावाचं.

मग २८ जानेवारी २०२५. नवीन जीआरमध्ये पाककृती बारा झाल्या आणि अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीला द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्यावं. बातम्यांमध्ये आलं की अंड्यासाठी वर्षाला सुमारे ५० कोटी लागत होते ते आता वाचणार. अंड्यावर बंदी आली असं नाही, कोणीही सांगू शकतं की बघा बंदी कुठेय, आम्ही तर परवानगी दिलीय. पण पैशाशिवायची परवानगी म्हणजे काय हे त्या समितीच्या मीटिंगला बसलेल्या कोणालाही विचारा.

लोकवर्गणीचं गणित मी करून बघितलं. ६० पोरांच्या शाळेला आठवड्याला ३९०, वर्षाचे ३० आठवडे धरले तर ११,७०० रुपये. चाळीस घरं असतील तर घरटी तीनशेच्या आत, वर्षाला. आकडा ऐकून कोणीही म्हणेल यात काय, एवढं गाव देऊ शकत नाही का. बागायती गाव देईल, साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं देईल, एखादा पोराच्या वाढदिवसाला स्नेहभोजन घालेल, दोन ट्रे पाठवेल, आणि ते चांगलंच आहे. पण मेळघाटातला पाडा, नंदुरबारमधलं अक्कलकुवा-धडगाव, जिथे दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला नाहीतर गुजरातला कामाला गेलेली असतात, तिथे वर्गणी कोण मागणार आणि कोणाकडे? राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत, त्यातल्या बऱ्याचशा अशाच वस्त्यांवर. म्हणजे लोकसहभागाने अंडं तिथे पोचतं जिथे घरी पण अंडं आहे, आणि जिथे गरज आहे तिथून ते जातं. कोणी मुद्दाम असं ठरवलं नसेल, पण परिणाम हाच आहे.

आणि ते कोर्टाचं वाक्य आठवा, खर्च आईबापांकडून घ्यायचा नाही. कायद्याच्या भाषेत यात अडकत कोणी नाही, कारण अंडं हे नियमातल्या १२ ग्रॅम प्रोटीनच्या वरचं, जास्तीचं आहे, आणि वर्गणी "ऐच्छिक" आहे. पण गावात शिक्षक वर्गणी मागतो तेव्हा ज्याचं पोरगं त्या शिक्षकाच्या वर्गात आहे त्याला ते किती ऐच्छिक वाटतं हे वेगळं सांगायला नको.

५० कोटीचा आकडा पण जरा उलटून बघू. या योजनेत राज्यातली नव्वद लाख ते एक कोटीच्या घरात मुलं येतात. ५० कोटीला एक कोटीने भागलं तर पोरामागे वर्षाला ५० रुपये, पाचच्या भावाने दहा अंडी, साडेसहाच्या भावाने सात-आठ. म्हणजे २३ आठवडे सगळ्यांना एकेक हे त्या पैशात बसतच नव्हतं. सगळ्या राज्याला आठवड्याला एक अंडं, ३० आठवडे, खऱ्या बाजारभावाने द्यायचं म्हटलं तर साधारण १९५ कोटी लागतील. ते नसतील तर नसतील, समजू शकतो, तिजोरीची अवस्था तेव्हा काय होती सगळ्यांना माहीत आहे. पण मग त्याच ५० कोटींत असं करता आलं असतं की समजा आदिवासी आणि दुष्काळी तालुक्यांतली १० लाख मुलं निवडायची आणि त्यांना आठवड्याला दोन अंडी द्यायची, ३० आठवडे, साडेसहाने. होतात ३९ कोटी. उरलेल्या ११ कोटीत इंधन, सोलणाऱ्या ताईंचे जास्तीचे पैसे आणि वाहतूक. आणि ही काही आकाशातून पडलेली कल्पना नाही, आपल्याच राज्यात आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांमध्ये एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत पोरांना आठवड्याला चार दिवस अंडी-केळी द्यायचं ठरलेलं आहे. म्हणजे सहा वर्षांपर्यंत अंडं, आणि पहिलीत नाव घातलं की बंद. त्या पोराने काय करायचं?

दुसऱ्या राज्यांनी काय केलं ते बघितल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. तामिळनाडूत १९८९ ला पंधरवड्याला एक अंडं सुरू झालं, मग वाढत वाढत २०१० पर्यंत आठवड्याचे पाचही दिवस. २१ वर्षं लागली, मधे सरकारं सतत उलटीपालटी झाली, एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष, पण अंडं कोणी मागे घेतलं नाही. त्यांच्याकडे नामक्कल आहे, देशातलं अंड्याचं मोठं केंद्र, आणि खरेदी सरकार स्वतः करतं, मुख्याध्यापकाला दुकानात जावं लागत नाही. हा एक फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. वर्षाचं टेंडर काढलं की भावाची चढ-उतार पुरवठादाराच्या माथी, शाळेच्या नाही.

कर्नाटक आपल्याला जास्त जवळचं उदाहरण, कारण तिथे पण मठांचा विरोध झाला आणि तो आपल्यापेक्षा जोरात झाला. त्यांनी २०२१ मध्ये आधी काही मागास जिल्ह्यांत, मुख्यतः राज्याच्या ईशान्येकडच्या कल्याण कर्नाटकात, सुरू केलं आणि परिणाम मोजायला लावला. यादगीरमध्ये अंडं मिळत होतं, गदगमध्ये नव्हतं, दोन्हीकडच्या पोरांची तुलना केली तर यादगीरच्या पोरांचं वजन जास्त वाढलेलं निघालं. हे हातात आल्यावर वादाचा सूर बदलला, मग ते सगळ्या राज्यात नेलं. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने तीन वर्षांसाठी दीड हजार कोटी देऊ केले आणि अंडं आठवड्यातून सहा दिवस झालं. तिथे एका अंड्याला सहा रुपये धरलेत आणि त्या सहा रुपयांत नुसतं अंडं नाही, उकडायचं इंधन आणि सोलायची मजुरी वेगळी मोजलेली आहे. ज्याने हे लिहिलं तो नक्की कधीतरी शाळेच्या किचनमध्ये उभा राहिलेला आहे. तरीसुद्धा बाजारात अंडं सहाच्या वर गेलं की तिथल्या शिक्षकांची पण तीच रड सुरू होते, म्हणजे ठरावीक रक्कम लिहिली की हे दुखणं येणारच, दर बाजाराला बांधला नाही तर.

मग आपल्याकडे काय बदललं तर चालेल? मला विचाराल तर सगळ्यात आधी खरेदी शाळेच्या गळ्यातून काढा, तालुक्याला एक पुरवठादार, दर महिन्याला नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे अंड्याचे भाव जाहीर करणारी संस्था, तिचा भाव अधिक ठरावीक वाहतूक. महिला बचत गटांनी परसातल्या कोंबड्या पाळून अंडी पुरवावीत असं सुचवणारे बरेच भेटतात आणि ऐकायला ते गोड वाटतं, पण एका बुधवारी ४०० अंडी लागतात आणि परसातली कोंबडी कॅलेंडर बघून देत नाही, त्यामुळे छोट्या शाळेला ते जमेल, मोठ्या शाळेला नाही. शाकाहारी पोरांना केळ्याऐवजी दूध किंवा चिक्की. ताईंना अंड्याच्या दिवसाचे जास्तीचे पैसे. आणि सगळ्या राज्याला एकसारखं थोडं थोडं वाटण्यापेक्षा जिथे पोरं जास्त खंगलेली आहेत तिथे आधी, भरपूर. यातलं एकही काम शाळा व्यवस्थापन समितीच्या हातातलं नाही, म्हणून समितीवर टाकलेला जीआर वाचून हसू येतं.

साहित्याचा दर मधल्या काळात वाढला, डिसेंबर २०२४ पासून प्राथमिकला ६ रुपये १९ पैसे झाला होता आणि मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे, वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे. म्हणजे आता कुठे पूर्ण जेवणाचा दर दुकानातल्या एका अंड्याच्या थोडा पुढे गेलाय. यात डाळ, तेल, भाजी, गॅस सगळं बसवायचंय, त्यामुळे शाळेने यातूनच अंडं काढावं म्हणणाऱ्याने आधी डाळ कमी करायची की तेल ते सांगावं. कर्नाटकातले फाउंडेशनचे पैसे तीन वर्षांचे आहेत, २०२७ च्या आसपास ते संपतील तेव्हा तिथलं सरकार सहा अंडी स्वतःच्या खर्चाने ठेवतं की आपल्यासारखं "ऐच्छिक" करतं ते बघायचं.